क्ष मानू

पहाटे पाचला बराकीतले सगळे दिवे
एकाच खटक्यात लागतात.
मी तेव्हा अजून गाडीत असते, सलायनाच्या रस्त्यावर,
धान्याच्या कोठारांमागे फटफटायला वेळ असतो,
पण जुन्या विमानतळावरच्या त्या खिडक्या दुरून दिसतात
आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो.

चाळीस मुलं, चाळीस खाटा,
चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत.
हा कोन त्यांना माझ्याआधी सार्जंटनं शिकवला
आणि माझ्यापेक्षा चांगला शिकवला.
अंघोळीला दीड मिनिट.
जेवताना बोलायचं नाही,
चमच्यांचा तेवढा आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

बावीस आठवडे इथं 'मी' म्हणायला मनाई.
'ह्या कॅडेटला पाणी हवंय, सर.'
'ह्या कॅडेटचं पोट दुखतंय.'
'ह्या कॅडेटच्या आईनं रविवारी फोन उचलला नाही, मॅम.'
जीभ घसरली तर वीस जोर, असाल तिथे.

पहिल्या आठवड्यात मला हसू आलं होतं.
आमच्या भाषेत 'मी' गाळा खुशाल,
क्रियापदाच्या शेपटीला तो चिकटलेला असतोच:
आले, जेवले, विसरले.
बाई की बुवा, तेही कळतं.
ह्यांच्याकडे तो काढला की मागं कुणीच उरत नाही,
नुसती काम झाल्याची बातमी.

मी गणित शिकवते.
कुणी नववीत दोनदा बसलेला,
कुणी शेजाऱ्याची गाडी घेऊन थेट विचिटा गाठलेला.
ओडालिसनं काहीच केलेलं नाही,
वर्षभर शाळेत जाणंसुद्धा.
फळ्यावर एक्स लिहिते,
मनात मात्र मिरजेच्या हुद्दार बाई म्हणतात, क्ष मानू.
'जे माहीत नाही, पण आहे, असं धरून चालायचं.'
कॉर्बिन ट्रस्लो हात वर करतो:
'ह्या कॅडेटला विचारायचंय, मॅम. का धरायचं?'
'त्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नाही.'
तो हे वहीत उतरवून घेतो. मला वाटलं, वाद घालेल.

अकराव्या आठवड्यातला गुरुवार.
वाऱ्यानं खिडक्या खडखडत होत्या,
कॉर्बिन फळ्यापाशी, तिसऱ्यांदा पुसून,
तिसऱ्यांदा लिहून,
आणि एकदम वळून, सगळ्या वर्गाला:
'मी सोडवलं!'

पेन्सिली थांबल्या.
दारात सार्जंट पर्नेल, हातात हजेरीचा तक्ता.
त्यानं कॉर्बिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग खाली वाकून बुटाची नाडी बांधली.
बांधलेलीच होती ती.
सावकाश बांधली, आणि निघून गेला.

कॉर्बिन तोवर जमिनीवर होता.
कुणी सांगितलं नव्हतं.
खडू मुठीत तसाच, प्रत्येक जोराला फरशीवर
एक पांढरा ठिपका.
मी मोजत होते, मराठीत.
सतराला तो थांबला,
मान वर, डोळे फळ्यावर,
'मॅम, तिसऱ्या ओळीत वजा राहिलाय.'

राहिलाच होता.
मी टाळी वाजवायच्या बेतात होते, मला दिसला नव्हता.
उरलेले तीन काढून तो उठला,
वजा घातला, उत्तर बदललं,
आणि 'ह्या कॅडेटनं' वगैरे काही न म्हणता
जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळी झेंडा उतरवताना
ओडालिसकडे घडीचं टोक होतं.
तिच्या घड्यांना कधीच सुरकुती नसते.

परतताना, गाडीत कुणी नसताना,
म्हणून पाहिलं: ह्या बाईला भूक लागलीय.
कसंतरीच वाटलं.
मग आपलं नेहमीचं म्हटलं: भूक लागलीय.
पुढच्या सिग्नलपर्यंत शोधत होते,
ह्यात मी कुठे आहे.