अकराशे वेढे

बेचाळीस गेजची तार म्हणजे काय
हे दाखवायचं तर डोक्यातला केस उपटून शेजारी धरावा.
केस जाड निघतो.

सतरा वर्षं मी ती गुंडाळली
भोसरीत, रिलेच्या कंपनीत, खिडकीपासून तिसऱ्या बाकावर.
बोलायचं नाही. बोललं की आकडा सांडतो.
फरझानाला एकदा आठशे बारावर हुंदका फुटला,
हात थांबला नाही तिचा,
अकराशे पुरे केले, गाठ मारली
आणि मग संडासात जाऊन रडली.

कंपनी चाकणला गेली, मशीन घेऊन.
बोटं राहिली माझ्याकडे.

आता धनकवडी, तिसरा मजला.
गॅलरीत ऊन येतं अकरा वाजून दहा मिनिटांनी
आणि पाऊण वाजता नव्या टॉवरच्या मागे जातं.
तेवढंच आमचं.
तेवढ्यात पापडसुद्धा धड वाळत नाहीत,
पण वरचा निरंजन, डिप्लोमाला दोनदा बसलेला,
म्हणाला, मावशी, किडा चालेल.

जुन्या बाजारातून त्यानं आणले
मेलेले कॅल्क्युलेटर, किलोवर,
आणि कपाळावरच्या काळ्या पट्ट्या सोडवल्या.
तुटक्या इअरफोनमधलं चुंबक, मसुरीएवढं.
पाय म्हणून ब्रशचे केस, तिरके कापून.
कपॅसिटर तापकीर गल्लीतला.
दुकानदार म्हणाला, एकच? एक कुणी नेतं का?
आणि फुकट दिला, अपमान करून.

कॉइल मात्र माझी.
रिफिलच्या तुकड्यावर सुरुवात केली.
दोनशेपर्यंत मी होते,
पुढे नुसताच आकडा होता
आणि अंगठ्याखालून सरकणारं काहीतरी.
आठशे बारा.
इथं हात अजूनही जपून चालतो.
साडेनऊशे. कुकरची तिसरी शिट्टी. होऊ दे.
अकराशे.
ब्लेडनं टोकं खरवडली,
आत तांबं, नुकतंच चिंचेनं घासल्यासारखं.

निरंजन सांगत होता:
ऊन थेंबथेंब साठतं,
भरलं की ट्रान्झिस्टर दार उघडतो,
सगळं एका दमात तारेतून धावतं
आणि तेवढा क्षण तारच चुंबक होते.
मी म्हटलं, पुन्हा सांग.
सतरा वर्षांत
खळदकर साहेबांनी फक्त आकडा सांगितला होता.

पहिल्या दिवशी तो चालला नाही.
जागच्या जागी शहारायचा,
थंडीत आंघोळीला उभ्या केलेल्या पोरासारखा.
निरंजननं भिंग लावलं.
मावशी, उलटं गुंडाळलंय.

मी डावरी.
कंपनीत माझा ट्रे वेगळा असायचा,
त्यावर निळी चिठ्ठी.
जेवायच्या सुट्टीत नव्या पोरी विचारायच्या, हिचं काय खराब निघालंय?

त्यानं दोन टोकांची अदलाबदल केली.
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, डाग दिला.
बस?
बस, म्हणाला. फुंकर मारली.

टक्.
चाळीस सेकंद काहीच नाही.
खाली भंगारवाला ओरडत गेला.
टक्.
अर्ध्या तिळाएवढा पुढे.
मी स्टूल ओढून बसले.

दिवसाला वीतभर जातो.
ढग आला की तिथंच थांबतो, कुरकुर नाही.
त्याच्या पोटाखाली मी निळी चिठ्ठी चिकटवली, नखाएवढी.
निरंजन म्हणाला, वजन होईल.
होऊ दे.

चौथ्या दिवशी जागेवर नव्हता.
कोपरे शोधले, कुंडीमागे पाहिलं,
खाली पडला म्हणून जिना उतरायला निघाले,
तर धुऊन उन्हात टेकवलेल्या तव्याला
हा बिलगून बसलेला. चुंबकच ते, लोखंड दिसल्यावर काय करणार.
पाय हवेत, आणि तरी चाळीस सेकंदांनी
टक्.

लगेच नाही सोडवला.
पाऊण वाजेपर्यंत चाललं त्याचं.
त्या दिवशी भाकऱ्यांना उशीर झाला.