मान वळल्याचे पैसे

अर्ज भरताना कोतकर वकिलांनी विचारलं, धंदा?
क्लॅरिनेट, म्हटलं.
त्यांनी लिहिलं, मजुरी.
मग खोडून लिहिलं, वादक, हंगामी.
खोडलं तिथं माझी सही घेतली, डाव्या हाताची,
पावसात निघालेल्या गांडुळासारखी.

जळगावच्या सिव्हिलचा दाखला: अपंगत्व चाळीस टक्के.
उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत.
क्लॅरिनेटची वरची भोकं डाव्या हाताची, खालची उजव्याची.
म्हणजे माझ्याकडे आता वरचे सूर तेवढे राहिले
आणि खाली उतरायला जिना नाही.
हे डॉक्टरांना सांगितलं.
ते म्हणाले, पुढचा.

ट्रक केळीचा होता.
पाळधी सोडली की धरणगावच्या रस्त्याला,
अर्धा डांबरावर, अर्धा साईडपट्टीवर,
मागचा दिवा नाही, दगड नाही,
निंबाची फांदीसुद्धा खोचलेली नाही.
सकाळी हवालदारानं टेप धरून पंचनामा केला.
माझ्या ब्रेकची खूण त्याला सापडली नाही.
तसं त्यानं लिहिलं.

त्या एका ओळीचं काय होतं ते वकिलांनी समजावलं.
हे बघ सुपडू, ट्रकवाल्याचा दोष त्याच्या ताटात, तुझा तुझ्या.
तुझा जेवढा निघेल
तेवढा कोर रकमेच्या भाकरीतून आधीच मोडतात,
अर्धा निघाला तर अर्धी गेली.
म्हणून तू समोर बघत होतास.
बघत होतास ना?

आई म्हणाली, खरं बोलशी ते पैसा कमी व्हतीन.
खोटं बोलशी ते,
असं म्हणाली आणि पुढचं न बोलता
कळण्याचं पीठ मळायला लागली.

अकरा तारखा. धरणगाव ते जळगाव एसटी, अकरा वेळा.
बाराव्याला विमा कंपनीच्या बाई उभ्या राहिल्या.
आवाज मऊ, शाळेतल्या बाईंसारखा.
हेल्मेट?
डोक्यावर.
मागे कोण?
ताशावाला रज्जाक, मांडीवर पेटी.
एवढा मोठा ट्रक दिसला नाही?
नाही.
का?

या 'का'चं उत्तर मला पाठ होतं.
अंधार होता, एवढंच म्हणायचं.
अंधार होताच, साहेब.
पण डाव्या हाताला मळ्यात मांडव लागलेला,
हळदीची रात्र, अमळनेरकडचा कुठलासा बँड,
आणि त्यांच्या क्लॅरिनेटवाल्याचा कोमल निषाद
चढत होता.
एकदा चढला. म्हटलं, थंडीनं असेल,
पण वैशाखात कसली थंडी.
दुसऱ्यांदा चढला.
तिसऱ्यांदा माझी मान वळली,
कोण आहे हा, बघू तरी.

टंकलेखकानं हात थांबवून विचारलं, निषाद कसा लिहू?
साहेब म्हणाले,
लिहा, अर्जदाराचे लक्ष विचलित झाले.

कोतकर वकील माझ्याकडे बघत नव्हते.
खिडकीत एक पारवा होता, त्याच्याकडे बघत होते.

निकाल लागला. ट्रक पंचाहत्तर, मी पंचवीस.
बाहेर वकिलांनी चहा पाजला, पैसे त्यांनीच दिले.
म्हणाले, पन्नासवर जाणार होतं, थोडक्यात निभावलं.
मग बशी ठेवून, हळूच:
खरंच चढत होता का रे?
अर्ध्या श्रुतीनं, म्हटलं.
ते कानात बोट घालून हलवत राहिले,
जणू त्यांनाही आता ऐकू येत होतं.

पैशांतून डोकं वर निघालं, थोडं बँकेत आहे.
क्लॅरिनेट विकलं नाही.
संध्याकाळी भाचा येतो, हर्षल, नववीतला.
मी मोढ्यावर बसतो, तो उजवीकडून चिकटून उभा राहतो.
फुंक माझी, वरची भोकं माझी,
खालच्या भोकांवर त्याची बोटं, नखांत शाई.
कोमल निषादावर फार घोटाळतो आम्ही.
चढतो तोच, अगदी त्या रात्रीसारखा.
गल्लीतून जाणारे मान वळवून बघतात.
सूर चुकला तर कुणाचा किती,
हे अजून आम्ही ठरवलेलं नाही.