पोर्ट नंबर पाच

रात्रीचे सव्वाअकरा. हे नाइटला, गोकुळ शिरगावला.
कॅबिनेटचा एक पत्रा काढून भिंतीला टेकवलाय.
मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या करून
बारीक स्क्रू एकीत, जाड दुसरीत,
एका स्क्रूला हळद लागलीय.

पंखे फिरतात. रॅम दिसते, सोळाच्या सोळा.
नवी एसएसडी दिसते, च्युइंगगमच्या पट्टीएवढी.
पहिल्या खाचेवरचा पत्रा निघेना,
म्हणून दुसऱ्या खाचेत दाबली.
शाहूपुरीत सुकुमार मगदूमनं दिली, म्हणाला,
वहिनी, डोळं झाकून लावा.

जुनी डिस्क तेवढी दिसत नाही.
पोर्ट पाच: रिकामा.

रिकामा कसा? मी या हातानं लावलीय.
केबल काढली, फुंकली, परत लावली.
केबल बदलली.
पॉवर दुसऱ्या शेपटीतून दिली.
शेवटी डिस्कवर तळहात ठेवला.
आत काहीतरी फिरतंय,
ताप आलेल्या लेकराच्या पाठीसारखं
बारीक, गरम.

घरात आहे आणि यादीत नाही.
लग्नानंतर माझं नाव रेशनकार्डावर चढायला
तीन वर्षं लागली, ते उगाच आठवलं.
तेव्हा निदान खिडकीतला माणूस
मान वर करून बघायचा तरी.

मामंजी खाटेवरनं बघतात.
बापूसो सुतार, पॅटर्नमेकर, उद्यमनगर.
एक्केचाळीस वर्षं सागवानातनं पंपाच्या बॉड्या काढल्या.
बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकूड शंभराला एक जास्त धरायचं,
हे त्यांच्या बोटांना पाठ.
त्यांची सगळी ड्रॉइंगं या डिस्कमध्ये.
मीच स्कॅन केलेली, रोज दुपारी चार-पाच,
कडेला पेन्सिलीचे हिशेब, मधे चहाच्या कपाचा गोल.
मूळ कागद पुढं वाळवीनं वाचून संपवले.

"दिसली का गं?"
"न्हाई."
"गेली म्हणायची."
"गेली न्हाई मामंजी. फिरतीया. थांबा, बघतो की."

ते उठले, चष्मा शोधला, पाटावर बसले.
"कास्टिंगात भोक पडलं की
नवं पोरगं पहिल्यांदा मालाला शिव्या देतंय.
मी म्हणायचो, लोखंड ऱ्हाऊ दे बाजूला,
वाफंला वाट ठेवलीस का ते सांग.
आज दुसरं काय घातलंस आत?"

दुसरं?

बोर्डाची पुस्तिका खोक्यात तशीच होती, प्लास्टिकसकट.
पान सव्वीस. तळाशी, मुंगीच्या अक्षरात:
दुसऱ्या खाचेत काही बसवल्यास
पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद राहतील.

बंद राहतील.
म्हणजे कुणाचं काही बिघडलंच नव्हतं.
नवीन आलं, रस्ता एकच होता, ते पुढं गेलं,
जुन्याला कुणी सांगायचं राहिलं.
ते आपलं अंधारात गरगर फिरत बसलं,
आपल्याला बोलावतील म्हणून.

बटण बंद. प्लग काढला.
पाचातनं केबल उपसून दोनात दिली.
खटकन बसली, आवाज दोघांनीही ऐकला.
परत चालू.

पोर्ट दोन: पाचशे जीबी,
आणि पुढं आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं.
मी बोलायच्या आधी मामंजींनी
त्या ओळीवर बोट ठेवलं,
काचेवर ठसा उठला.

मग कळफलक, मग पासवर्ड, मग फोल्डर.
पंप. पुली. बेअरिंगचं घर. किरकोळ.
पहिलंच ड्रॉइंग मोठं केलं.
ते बराच वेळ गप्प.
मला वाटलं डोळे भरले असतील.

"हितं चुकलंय," म्हणाले.
"अर्धा एमएम कमी धरलाय. शहाण्णव साली.
तरीच त्यो निपाणीचा माल परत आल्ता.
पेन्सिल दे."

मी माउस दिला.
त्यांनी तो हातात तोलून बघितला, रंध्यासारखा,
आणि पाटावर नीट पालथा ठेवला.

कॅबिनेट बंद करायला पावणेदोन.
एक स्क्रू उरलाच. हळदीचा.
कुठला ते सकाळी बघू.