वाटीतलं नाणं

नागोठण्याहून चार दिवसांनी परतलो.
फ्रीजरमध्ये सगळं जागच्या जागी, दगडासारखं:
सोललेले वाल चपट्या पिशवीत,
चिकटपट्टीवर माझं अक्षर, १२ जून.
कोळंबी, अर्धा किलो, दोन वाटे.

कोपऱ्यात फिलोमिनाबाईंनी शिकवलेली वाटी,
पाणी गोठवून वर ठेवलेला रुपया.

रुपया तळाशी.
वर कडक, स्वच्छ बर्फ.

म्हणजे वीज गेली होती. बरीच.
सगळं वितळलं,
आणि आम्ही यायच्या आत
पुन्हा शहाण्यासारखं गोठून बसलं.

आयसी कॉलनीत म्हणे
तासभरच गेली होती.

"वास कुठे येतोय?" प्रद्युम्न म्हणाला.
कोळंबी मी कागदात गुंडाळली.
वालांपाशी हात थांबला,
दोन संध्याकाळी, बोटं पांढरी पडेस्तोवर सोललेले.
मग तेही.

वाटी नळाखाली धरली.
रुपया सुटायला वेळ लागला.