उरलेलं डांबर

एरीत हिवाळा जाताना काही सांगून जात नाही,
फक्त ड्राइव्हवेवर सही करून जातो:
गॅरेजच्या दारापासून टपालपेटीपर्यंत
कापऱ्या हाताची एक लांब रेघ.

पहिल्या वर्षी मी ती कौतुकानं पाहिली.
घर नवं, कर्ज नवं, भेगसुद्धा आपलीच.
दुसऱ्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानातून
पाच गॅलनची बादली उचलून आणली,
पातेल्याच्या बुडाची खरवड काढावी
तसं काठीनं ढवळत बसलो तळाला बसलेलं काळं.
वासानं कालिंदी दारात आली, म्हणाली,
आईच्या शालूंच्या ट्रंकेचा वास येतोय.
मी म्हटलं, त्या डांबराच्या गोळ्या वेगळ्या.
ती म्हणाली, नाकाला एवढं शास्त्र कळत नाही.

मग दर दुसऱ्या जूनला तेच.
भेगांतलं गवत उपटायचं, ताठ झाडू मारायचा,
मुंग्यांना एक दिवसाची मुदत द्यायची,
भेगा भरायच्या, मग रबरी फावड्यानं पातळ हात,
मागे मागे सरकत थेट रस्त्यापर्यंत,
आणि दोन दिवस गाडी बाहेर.
समोरच्या मिसेस पिओत्रोवस्की पडद्याआडून
माझ्या वतीनं ढगांवर लक्ष ठेवायच्या.

एकदा ऑगस्टातल्या दुपारी दोघे ट्रक घेऊन आले.
पलीकडच्या गल्लीत काम केलं, म्हणाले, माल उरलाय,
गार व्हायच्या आत अर्ध्या पैशांत टाकून देतो.
रोख. पावती नाही. हसू मात्र गरम.
दहा दिवसांनीही बुटांना काळं लागत होतं,
पहिल्या बर्फात पापुद्रे सुटले.
कालिंदी चहा गाळता गाळता एवढंच म्हणाली:
डांबरट.
इंग्रजीत असा नेमका शब्द नाही, म्हणून तक्रारीच्या अर्जात
मी तीन परिच्छेद लिहिले. उत्तर आलं नाही.

यंदा उतारावर मगरीची पाठ उमटली.
रॉस्को व्हीलॉक, ठेकेदार, साठीचा,
कण्हत गुडघ्यावर बसला, बोटानं एक तुकडा हलवला.
हलत्या दातासारखा तो हातात आला.
खाली खडी नावालाच. ओली माती.
वरून छान ठेवलंत, तो म्हणाला,
पाणी खालून येत होतं.
माझे सगळे जून तिथंच उकिडवे बसले.
म्हणजे फुकट?
तो म्हणाला, बाराची वीस वर्षं केलीत. ती वापरलीत ना?

मंगळवारी खोदलं. सगळं तुकडे तुकडे होऊन ट्रकमध्ये गेलं,
दळून पुन्हा कुठल्यातरी रस्त्यात जातं म्हणे.
खाली निघाली कोळशाची राख, थरच्या थर,
आणि निळ्या बाटलीचं एक बूच.
आमच्याआधी इथं राहिलेल्या कुणीतरी
आपल्या परीनं हाच चिखल बुजवला होता.
त्याचं नाव कागदपत्रांत असेल. मी काढलं नाही.

मग खडी, आठ इंच. रोलर. पुन्हा रोलर.
पाणी कुठं जाईल ते आधी ठरलं,
रंग शेवटी. वाफेत माणसं कमरेपासून वरच दिसत होती.
तीन दिवस गाडी नको, रॉस्कोनं बजावलं,
उभ्या गाडीचं चाक वळवू नका,
खुर्ची टाकून बसू नका, पाय रुततील.
आणि जाता जाता म्हणाला: थोडं उरलंय.

मी चपापलो. खिडकीत कालिंदीही.
त्यानं ते फावड्यानं उचललं, रस्ता ओलांडला,
मिसेस पिओत्रोवस्कींच्या फाटकाशी एक जुना खड्डा होता
त्यात ओतलं, ठोकलं, आणि गेला.

रात्री कालिंदीनं वाकून तळवा टेकवला.
अजून ऊब आहे, म्हणाली. मग हात हुंगला.
मी गॅरेजमध्ये बादली हलवून पाहत होतो, तळाशी थोडं होतं.
पुढच्या जूनला मी काय करायचं
ते मात्र रॉस्कोनं सांगितलेलं नाही.