अडीच हजारांच्या खाली

डनीडनला सपाट रस्ता मिळणं म्हणजे चैन.
आमच्या गल्लीच्या चढावर तर
पिझ्झावालासुद्धा खालूनच फोन करतो.

लॅक्लनने हट्टाने घेतली ती जुनी निळी सुबारू:
बॉनेटवर नाकपुडी, आत भलामोठा टर्बो,
आणि अडीच हजारांच्या खाली
नुसता आळस.

सिग्नल हिरवा. तो पाय दाबतो.
काहीच नाही.
शेजारून मासळीची व्हॅन निघून जाते,
मागचा हॉर्न मारतो,
इंजिन घशातल्या घशात पुटपुटतं,
काटा दोन हजार... बावीसशे...
मग शीळ, आणि पाठ सीटला चिकटते,
माझ्या मांडीवरची अंडी देवाच्या भरवशावर.

ताविता मेकॅनिक म्हणाला, छोटा टर्बो बसवू,
लवकर जागा होईल.
"न... न... नको," लॅक्लन म्हणाला.
मी तोंड उघडलं होतं, मिटलं.
एकोणीस वर्षं त्याची वाक्यं
मीच पुरी करत आले,
हॉर्न मारणाऱ्यांतलीच मी.

आता तो चढाआधीच गिअर खाली घेतो,
काटा पडू देत नाही.
कधी चुकतो. मग आम्ही
कण्हत कण्हत वर जातो,
मी बंदरातल्या बोटी मोजते.

काल असंच, अर्ध्या चढावर,
"आई, म... म..."
मी अंड्यांचा खोका घट्ट धरला.
बावीसशे. चोवीसशे.
"मला तिमारूत नोकरी लागली. सोमवारपासून."
एका दमात.

पाठ सीटला चिकटली
तेव्हा गाडी अजून रांगतच होती.