करवंटी

पास्कल बार्देस्करनं इंजिनाखाली उजव्या अंगाला
तारेनं एक करवंटी बांधली होती.
कॅम्पातून शहापूरला येईपर्यंत अर्धी भरायची.
"शट्टुप्पा, परत गळूलालंय बघ,"
घरातल्या म्हाताऱ्याच्या नाकाबद्दल बोलावं तसं
तो गाडीबद्दल बोलायचा.

मॅचलेस. साडेतीनशे. लष्कराच्या लिलावातली,
युद्ध संपल्यावर उरलेली.
नंबरपाटी खरवडली तर कानडी आकड्यांखाली मराठी आकडे,
त्यांच्याखाली पलटणीचा हिरवा रंग,
त्याच्याखाली पत्रा.
मी पत्र्यापर्यंत जात नाही.
माझं काम तेलाचं.

टाकी उतरवली. रॉकर बॉक्सचे नऊ बोल्ट,
लांब, आखूड,
पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमानं खोचले.
पुशरॉड दोन: एक श्वास घ्यायचा, एक सोडायचा.
काचेवर लोळवून पाहिले, वाकलेले नव्हते.
एकाला लाल दोरा बांधला.
अदलाबदल झाली तरी चालते म्हणतात.
मला चालत नाही.
इतकी वर्षं शेजारी राहिले तरी
ज्याची त्याची झीज वेगळी.

मग नळ्या वर ओढल्या.
बुडाचं सील नखानं दाबलं
तर करपलेल्या गुळासारखं तुटलं.
त्याच्याखाली माझ्या आधीचे हात:
सायकलच्या ट्यूबची चकती, शेलॅक, सुतळी,
कुणीतरी भरलेला अंगाचा साबण,
आणि पाव गुंडाळायचा मेणकागद.
पास्कलची बेकरी होती.
तो रस्त्याकडं बघू लागला.

कंपनीचं सील कंपनीबरोबरच गेलं.
म्हणून उद्यमबागेत, मल्लेशी पत्तारकडं.
त्याचे आजोबा नथी घडवायचे,
हा हायड्रॉलिकचे पिस्टन घडवतो.
नळीचं बूड बोटांत फिरवून म्हणाला,
रबराचा काय दोष,
त्याला धड बसायला दिलंय का कुणी?
आधी बैठक करू.

ॲल्युमिनियमचा गज लेथला लागला.
तो माप कानडीत पुटपुटत होता,
मी मराठीत लिहून घेत होतो,
व्हर्नियर काही न बोलता दोघांच्या मध्ये.
दोन बैठका, प्रत्येकीत एक खाच,
खाचेत बसायला काळी ओ-रिंग,
भट्टीजवळच्या यंत्रांत घालतात ती, उष्ण तेलाला न भिणारी.
शेवटचा हात फिरवताना म्हटलं, थोडं अजून.
"स्वल्प," तो म्हणाला.
कुरळा चुरा पायाशी पडत राहिला.
मग हात उचलून:
"साकु."

साकु. पुरे.
हा शब्द पान्याला शिकवण्यात
माझी वीस वर्षं गेली.
किती बोल्टांचे आटे खाल्ले त्याआधी,
ते मोजत नाही.

रिंगेला बोटानं तेल लावलं,
पीळ पडला नाही ना, दोनदा पाहिलं.
नळी सरळ धरून तळहातानं दाबली.
आवाज येत नाही;
फक्त हाताखालचा विरोध
एकदम समजूतदार होतो.

लाल दोऱ्याचा पुशरॉड त्याच्या घरी, दुसरा त्याच्या.
थंड इंजिनावर तो चिमटीत फिरला पाहिजे,
वरखाली हलता कामा नये.
एवढीच मोकळीक.
पोरांना सांगितलं की ती फीलर गेज शोधायला लागतात.

तिसऱ्या किकला लागली.
शेजारच्या हातमागवाल्या चंद्रक्कानं
दारातून डोकं काढलं, आत घेतलं.
पास्कल चन्नम्मा चौकापर्यंत जाऊन आला,
नळ्यांवर हात फिरवला, तळवा हुंगला,
कोरडा.
करवंटी सोडायला गेलो तर म्हणाला, राहू दे, सवय आहे.

रात्री गाडी माझ्याकडंच ठेवली, खाली नवा पुठ्ठा.
सकाळी उजवीकडं काही नव्हतं.
डावीकडं, चेनकेसच्या खाली,
एक थेंब.
गोल, ताजा, ऐटीत.

पास्कल यायच्या आत
मी करवंटी उजवीकडून सोडून
डावीकडं बांधली.